घर सोडतानाची सफाई आणि अडकलेली अनामत

मे महिना संपत आला की पुण्या-मुंबईतील गृहसंकुलांच्या फाटकांवर टेम्पोंची ये-जा वाढते. मुलांच्या शाळा सुरू होण्यापूर्वी घर बदलायचे, पावसाळ्याआधी सामान हलवायचे, असा भाड्याने राहणाऱ्या बहुतेक कुटुंबांचा शिरस्ता असतो. सामान खाली जाते, रिकाम्या घरात आवाज घुमू लागतो आणि मग घरमालक किंवा त्याचा एजंट घर ‘पाहायला’ येतो. सामानाच्या आड वर्षभर झाकलेले सगळे त्या दहा मिनिटांत उघडे पडते. कपाटामागची काळपट भिंत, शेगडीच्या मागचा पिवळा थर, नळाच्या बुडाशी साचलेले पांढरे क्षार, न्हाणीघरातील आरशावर चिकटून राहिलेल्या टिकल्या. पाहणी संपते आणि हिशेब सांगितला जातो. सफाईचे इतके, रंगाचे इतके, किरकोळ दुरुस्तीचे इतके. उरलेली अनामत ‘नवा भाडेकरू आला की’ मिळेल.

या हिशेबात खरे किती आणि सोयीचे किती, हे त्या घाईत कोणालाच कळत नाही. नव्या घराची अनामत भरून झालेली असते, टेम्पोवाला खाली हॉर्न वाजवत असतो आणि भाडेकरू पडेल ती रक्कम घेऊन निघून जातो. दुसरी बाजूही आहे. दोन वर्षे स्वयंपाकघराच्या पंख्याला हात न लावता, माळ्यावर जुन्या गाद्या आणि रिकामे खोके टाकून निघून जाणारे भाडेकरू कमी नाहीत, आणि त्यांच्यामागे घर स्वच्छ करून घेताना निवृत्त घरमालकाची दमछाक होते. वादाचे मूळ दोघांच्या वृत्तीइतकेच एका साध्या गोष्टीत आहे. घर दिले तेव्हा ते कसे होते, याची नोंद कोणाकडेच नसते.

हा प्रश्न आपल्याकडे तसा नवा आहे. आपल्या आजोबांच्या पिढीत भाडेकरू घर सोडतच नसे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडे गोठले, पागडीची पद्धत रुजली आणि एकदा मिळालेली खोली पिढ्यान् पिढ्या त्याच कुटुंबाकडे राहिली. दसरा-दिवाळीला चुना मारायचा तो भाडेकरूनेच, मोरीची फरशी बदलायची तीही त्यानेच. घर परत देण्याची वेळच येत नसल्याने ते कोणत्या अवस्थेत परत द्यायचे, हा प्रश्न उद्भवत नव्हता. १९७३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला ताब्यात असलेल्या परवानाधारकांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले, तेव्हा तर घर भाड्याने देणे म्हणजे घर गमावणे, अशी धास्ती मालकांनी घेतली. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि मुदत संपल्यावर परवानाधारकाने घर रिकामे केलेच पाहिजे, न केल्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी, अशी तरतूद त्याच्या कलम २४ मध्ये झाली. मालक निर्धास्त झाले, बंद घरे भाड्याने निघाली आणि माणसे अकरा-अकरा महिन्यांनी घरे बदलू लागली. घर सोडतानाच्या सफाईचा प्रश्न या फिरतीबरोबर आला.

(अकरा महिन्यांचे गूढ जाता जाता सांगायला हवे. एक वर्षापेक्षा अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, या केंद्रीय नोंदणी कायद्यातील तरतुदीतून तो आकडा आला. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार कितीही मुदतीचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. तरीही अकराची सवय सुटलेली नाही.)

कायदा सफाईबद्दल काय म्हणतो? थेट फारसे काही नाही. भाडेपट्ट्यासंबंधी मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चे कलम १०८ सांगते की, भाडेकरूने मालमत्ता ताब्यात घेताना ज्या चांगल्या स्थितीत होती त्याच स्थितीत परत करावी. अपवाद फक्त वाजवी वापराने होणाऱ्या झिजेचा आणि अनिवार आपत्तीचा. लिव्ह अँड लायसन्स हा तांत्रिकदृष्ट्या भाडेपट्टा नव्हे, तो केवळ वापराचा परवाना आहे. पण आपल्या छापील करारांत हेच वाक्य थोड्या फरकाने आलेले असते. त्यातील दोन शब्दसमूह लक्षात ठेवण्याजोगे आहेत. पहिला, ‘ताब्यात घेताना होती त्या स्थितीत’. म्हणजे नव्यासारखी नव्हे आणि मालकाच्या मनातल्या चित्रासारखीही नव्हे. दुसरा, ‘वाजवी वापराने होणारी झीज’. माणसे राहिली की घर थोडे झिजणारच आणि त्या झिजेची किंमत भाड्यातून वसूल झालेली असते.

झीज कोणती, मळ कोणता?

बहुतेक भांडणे या दोन गोष्टींची सरमिसळ झाल्याने होतात. झीज काळामुळे होते आणि कितीही घासले तरी जात नाही. मळ वापरामुळे साचतो आणि वेळच्या वेळी काढता येतो. खिडकीतून येणाऱ्या उन्हाने फिकट झालेला रंग ही झीज. पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर उमटलेला तेलकट डाग हा मळ. दाराच्या कडीभोवतीचे पॉलिश उडाले, ही झीज. देवघराच्या वर समई-उदबत्तीने धरलेली काजळी हा मळ, मग तो कितीही पुण्यकर्मातून आलेला असो. नळाचा वायसर गळू लागला, ही झीज. त्याच नळावर वर्षभराचे क्षार साचू दिले, तर मळ.

यांच्यापलीकडे तिसरा प्रकार आहे नुकसानीचा. ओट्याच्या ग्रॅनाइटला गेलेला तडा, टीव्हीसाठी पाडलेली सहा भोके, गरम तवा ठेवून जळलेला लाकडी पृष्ठभाग. हे सफाईने भरून निघत नाही आणि झीज म्हणून सोडूनही देता येत नाही. आणि चौथा प्रकार, ज्याचा फटका भाडेकरूला सर्वाधिक अन्यायाने बसतो, तो ओलीचा. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून झिरपणारे पाणी, बाहेरच्या भिंतीतली भेग, गच्चीचे गेलेले वॉटरप्रूफिंग यांमुळे भिंतीला बुरशी येते, रंगाचे पोपडे निघतात. पावसाळ्यानंतर घर सोडणाऱ्याला ‘तुम्ही खिडक्या उघडत नव्हता’ असे ऐकवले जाते. कधी ते खरेही असते. कोंदट खोलीत ओले कपडे वाळवल्याने बुरशी येते. पण ती साधारणपणे कोपऱ्यांत, कपाटामागे, छताच्या कडेला पसरते. एका जागेवरून सुरू होऊन डागासारखी वाढणारी, मागे प्लास्टर फुगवणारी ओल गळतीची असते आणि तिची दुरुस्ती मालकाने किंवा सोसायटीने करायची असते.

रंगकामाचा खर्च सफाईच्या नावाखाली लावला जातो, तोही याच सरमिसळीतून. बंगळुरूत घर सोडताना रंगासाठी एक महिन्याचे भाडे कापण्याची प्रथाच पडून गेली आहे आणि ती हळूहळू आपल्याकडच्या करारांतही शिरली. केंद्र सरकारने २०२१ साली मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या परिशिष्टात मात्र भिंतींचा चुना आणि दारे-खिडक्यांचा रंग ही मालकाची जबाबदारी म्हणून नोंदली आहे. सांडपाण्याच्या वाहिन्यांची सफाई, नळांची आणि बटणांची दुरुस्ती भाडेकरूकडे दिली आहे. निवासी घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, असेही त्यात आहे. राज्याने तसा कायदा केल्याशिवाय ही तरतूद लागू होत नाही. पण करारावर बोलताना एक रास्त मोजपट्टी म्हणून ती पुढे ठेवता येते.

ज्यांच्या करारात रंगाची अट आहे, त्यांनी निदान हिशेब तरी रास्त मागावा. समजा, घराच्या रंगकामाला २४ हजार रुपये लागतात आणि तो रंग साधारण चार वर्षे टिकावा अशी अपेक्षा आहे. भाडेकरू अकरा महिन्यांचे तीन करार, म्हणजे ३३ महिने राहिला. त्याने भिंती खरोखरच वाजवीपेक्षा जास्त खराब केल्या असतील, तर ४८ पैकी उरलेल्या १५ महिन्यांचे नुकसान त्याच्याकडून मागता येईल. ते होते साडेसात हजार. पूर्ण २४ हजार कापून घेणे म्हणजे जुन्या रंगाच्या बदल्यात नवा रंग फुकट मिळवणे होय. शिवाय करारभंगाची भरपाई म्हणून ठरावीक रक्कम करारात लिहिलेली असली, तरी भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे ती कमाल मर्यादा ठरते. तिच्या आत जी वाजवी असेल तेवढीच भरपाई मिळू शकते.

रिकाम्या घराची सफाई कशी होते?

व्यावसायिक सफाई म्हणजे घरकामाच्या बाईंनी जरा जास्त वेळ केलेली झाडलोट, असा समज असतो. घर रिकामे असणे हा इथला मुख्य फरक. सामान असताना जिथे हात पोहोचत नाही तिथेच मळ साचतो आणि तो साचलेला, मुरलेला असतो. दोन शयनगृहांच्या रिकाम्या घराला तीन-चार माणसांना सहा ते आठ तास लागतात. कोणी ते काम दोन तासांत करून देतो म्हणाला, तर तो फरशी पुसून जाणार, हे समजावे.

कामाचा क्रम ठरलेला असतो: आधी कोरडे, मग ओले, आधी वर, मग खाली. छताची जळमटे, पंख्याची पाती, दिव्यांची आवरणे, माळे, कपाटांचे आतले कप्पे, मग खिडक्या आणि त्यांच्या सरकत्या दारांच्या पट्ट्या, मग स्वयंपाकघर व न्हाणीघर आणि सर्वांत शेवटी फरशी. हा क्रम उलटला की केलेले काम पुन्हा करावे लागते. खिडकीच्या पट्टीतील धूळ आधी ब्रशने सैल करून यंत्राने ओढून घ्यायची असते. तिच्यावर पाणी ओतले की चिखल होतो आणि पावसाचे पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेली बारीक भोके बुजतात. पहिल्याच जोरदार सरीत पाणी घरात येते आणि नव्या भाडेकरूला त्याचे कारण कधीच कळत नाही.

स्वयंपाकघर हा या कामाचा सर्वांत अवघड भाग. आपल्या फोडण्यांतून आणि तळणीतून उडालेले तेलाचे सूक्ष्म कण भिंतीवर, पंख्यावर, चिमणीच्या जाळीवर बसतात. हवेतील प्राणवायू आणि उष्णता यांच्या संयोगाने हे तेल महिनोन् महिने घट्ट होत जाते आणि अखेर वॉर्निशसारखा चिकट, पिवळा थर तयार होतो. साध्या साबणाने तो निघत नाही, कारण तेव्हा ते तेल तेलाच्या रूपात उरलेलेच नसते. त्याला अल्कली लागते आणि त्याहून जास्त लागतो वेळ. धुण्याच्या सोड्याचे गरम पाणी किंवा तयार द्रावण लावून दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, मग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचे. घाई करणारा कारागीर इथे तारेची घासणी आणि कॉस्टिक सोडा काढतो. त्याने थर निघतो हे खरे. पण ॲल्युमिनियमच्या चौकटी काळ्या पडतात आणि चकचकीत शटरवर कायमचे ओरखडे राहतात. सफाईने केलेले हे नुकसान पुन्हा भाडेकरूच्याच खात्यावर पडते.

हळदीच्या डागाची गंमत वेगळी. पांढऱ्या ओट्यावरचा पिवळा डाग साबणाने घासला की लालसर होतो आणि माणूस घाबरून जास्तच घासू लागतो. हळदीतील रंगद्रव्य अल्कलीच्या संपर्कात लाल होते, एवढाच त्याचा अर्थ. ते उन्हाने विरते. खिडकीतून ऊन येत असेल, तर दोन-तीन दिवस पडदा काढून ठेवला तरी डाग बराच फिका पडतो.

न्हाणीघरात प्रश्न उलटा असतो. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या शहराबाहेरील नव्या वसाहतींत पाणी जड असते. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार नळांवर, शॉवरच्या काचेवर, टाइल्सवर पांढऱ्या पापुद्र्यासारखे बसतात. ते अल्कलीने हलत नाहीत; त्यांना आम्ल लागते. लिंबूसत्त्वाचे पाणी किंवा व्हिनेगर कापडात भिजवून नळाभोवती अर्धा तास गुंडाळून ठेवले, तर बरेचसे काम होते. फार जुने क्षार काचेत खोल गेलेले असतात आणि काच कायमची धुरकट दिसते. ते कोणतीही कंपनी काढू शकत नाही आणि प्रामाणिक कंपनी तसे आधीच सांगते.

आम्ल कुठे वापरू नये, हे इथे माहीत असायला हवे. संगमरवर, कडप्पा, कोटा, शहाबादी हे सगळे चुनखडीच्या जातीचे दगड. लिंबू पिळले तरी त्यांची चमक जाते; संडास धुण्याचे ॲसिड ओतले, तर फेस येऊन पृष्ठभागच खाल्ला जातो. जुन्या इमारतींत घरभर अशाच फरश्या असतात आणि ‘ॲसिड मारून चकाचक करून देतो’ म्हणणाऱ्याला त्या दिल्या की नुकसान सफाईच्या खर्चाच्या दसपट होते. टाइल्स टिकतात, पण त्यांच्या फटींतले सिमेंट झिजते आणि काही महिन्यांनी खालच्या घराच्या छतावर ओल उमटते.

जिवावर बेतणारी एक चूक याच टप्प्यावर होते. संडास धुण्याच्या द्रावणात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. डाग पटकन जावा म्हणून त्याच भांड्यात कोणी ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरिनचे ब्लीच टाकतो. या दोघांच्या संयोगातून क्लोरिन वायू बाहेर पडतो. तीन फूट रुंदीच्या, दार लावून घेतलेल्या न्हाणीघरात तो काही क्षणांत घसा आणि फुप्फुसे जाळू लागतो. आधी एक द्रावण, मग भरपूर पाणी, मग गरज असलीच तर दुसरे, आणि दार-खिडकी उघडी, एवढे पथ्य पाळले तर हा अपघात टळतो. घर सोडण्याच्या आदल्या रात्री घरच्या घरी सफाई करणाऱ्यांना तर हे जास्त लागू आहे, कारण कपाटात उरलेल्या सगळ्या बाटल्या ‘संपवून टाकू’ हा विचार त्याच रात्री सुचतो.

कबुतरांचा विषय टाळून चालणार नाही. ड्राय बाल्कनी, एसीच्या बाहेरच्या यंत्रामागची जागा आणि डक्टकडची खिडकी येथे साचलेली विष्ठा कोरडी असताना झाडली, तर तिची भुकटी श्वासात जाते आणि काही माणसांना त्यातून फुप्फुसांचा दीर्घ आजार जडतो. ती आधी पाण्याने पूर्ण भिजवायची, तोंडाला चांगला मास्क लावायचा आणि ओल्या अवस्थेतच खरवडून पिशवीत भरायची. हे काम सफाईच्या दरपत्रकात बहुधा वेगळे धरलेले असते. नसले तर आधी विचारून घ्यावे.

आणि खिडकीच्या बाहेरची काच. बाहेरच्या छज्जावर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर माणूस उभा करून ती पुसून घेण्याची रीत आपल्याकडे सर्रास दिसते. चौथ्या मजल्यावर, कमरेला दोर नाही, पायात रबरी चप्पल, हातात साबणाचे पाणी. लांब दांड्याच्या पुसणीने आतून जेवढे होईल तेवढे करावे आणि उरलेले तसेच ठेवावे. बाहेरची काच मळकी राहिली म्हणून अनामत कापणारा मालक आणि ती पुसायला कोणाला तरी बाहेर उभे करणारा भाडेकरू यांपैकी अधिक दोषी कोण, हे सांगायची गरज नसावी.

दराबाबत थोडे. शहर, घराचा आकार आणि मळाची अवस्था यांनुसार दर बदलतात. दोन शयनगृहांच्या रिकाम्या घराला सध्या साधारण तीन ते सहा हजार रुपये पडतात. फोनवर सांगितलेला दर आणि घर पाहून सांगितलेला दर यांत फरक पडतोच. म्हणून स्वयंपाकघराची आणि न्हाणीघराची छायाचित्रे आधी पाठवावीत. माळे, कपाटांचे आतले कप्पे, पंखे, चिमणी आणि बाल्कनी त्यात धरली आहेत का, हे लेखी घ्यावे. चिमणीची आतली सफाई, झुरळांचा बंदोबस्त आणि भिंतींवरचे डाग बहुधा धरलेले नसतात. भिंतीबद्दल तर सफाईवाल्याने हात न लावलेलाच बरा. धुता येणारा प्लास्टिक रंग असेल तर ओल्या फडक्याने डाग जातो. साध्या डिस्टेंपरवर मात्र फडके फिरवले की डागाच्या जागी त्याहून मोठा पांढरा चट्टा उमटतो.

इंग्लंडमध्ये काय झाले?

भाड्याच्या घराच्या सफाईवरून होणारी भांडणे आपलीच खासियत नाहीत. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी इंग्लंडला गेलेल्या मराठी तरुणांना ती तिथेही भेटतात आणि बहुतेकांना तिथल्या व्यवस्थेचे आश्चर्य वाटते. इंग्लंड आणि वेल्समध्ये ६ एप्रिल २००७ पासून खासगी भाडेकरूची अनामत मालकाला संरक्षणाविना आपल्याजवळ ठेवता येत नाही. ती सरकारमान्य संरक्षण योजनेत नोंदवावी लागते. आता त्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे आणि ती पाळली नाही, तर न्यायालय मालकाला अनामतीच्या एक ते तीन पट दंड करू शकते. घर सोडताना वाद झाला, तर योजनेतील निवाडा अधिकारी कागदपत्रे पाहून विनामूल्य निर्णय देतो.

या योजनांकडे येणाऱ्या वादांत सफाई हे कारण वर्षानुवर्षे अग्रस्थानी राहिले आहे. निवाड्याचे सूत्र साधे आहे. अनामत ही भाडेकरूची रक्कम आहे; ती कापायची असेल तर कारण मालकाने सिद्ध करायचे. सिद्ध करण्याचा मार्ग म्हणजे घरात शिरतानाचा आणि घर सोडतानाचा अहवाल शेजारी शेजारी ठेवणे. पहिला अहवाल नसेल, तर दुसऱ्यात कितीही मळ दिसला तरी मालकाची बाजू लंगडी पडते. पुढे १ जून २०१९ पासून इंग्लंडमध्ये आणखी एक गोष्ट झाली. व्यावसायिक सफाईचे पैसे भाडेकरूने भरलेच पाहिजेत, अशी अट घालण्यास बंदी आली. घर मिळाले तेव्हा होते तितके स्वच्छ परत करा, असे मालक म्हणू शकतो. अमुक कंपनीकडूनच सफाई करून घ्या आणि पावती दाखवा, असे म्हणू शकत नाही. स्वतः घासून तेवढेच स्वच्छ केले तरी चालते.

आपल्याकडे असा निवाडा अधिकारी नाही आणि पंधरा-वीस हजारांसाठी दिवाणी दावा लावण्याइतका वेळ कोणाजवळ नसतो. वकिलाची नोटीस हा मधला मार्ग; ती कधी लागू पडते, कधी नाही. त्यातही एक अडचण कोणी उघडपणे बोलत नाही. अनेक मालकांनी अनामतीची रक्कम केव्हाच खर्च केलेली असते आणि नव्या भाडेकरूची अनामत आल्याशिवाय जुन्याची देणे त्यांना शक्य नसते. अशा वेळी मळकट ओटा हे रक्कम थांबवण्याचे सर्वांत सोपे निमित्त ठरते. निमित्तच उरले नाही, तर बोलणी सरळ होतात. इंग्लंडची कायद्याने उभारलेली व्यवस्था आपल्याला उसनी आणता येणार नाही. तिचा गाभा असलेले दोन अहवाल मात्र कोणालाही, कोणत्याही कायद्याविना करता येतात.

किल्ली देण्याआधी

आपल्या लिव्ह अँड लायसन्स कराराच्या शेवटी एक यादी असते. पंखे चार, ट्यूबलाइट सहा, गिझर एक, कपाटे दोन. करार नोंदवणारा माणूस अंगठ्याचे ठसे घेण्याचे यंत्र घेऊन घरी येतो, दहा मिनिटांत काम उरकतो आणि ही यादी कोणी वाचत नाही. तिच्यात वस्तूंची संख्या असते, अवस्था नसते. चार पंखे होते हे सिद्ध होते. ते स्वच्छ होते की तेलाने माखलेले, हे नाही. त्या यादीला ‘घराची अवस्था’ असे एक पान जोडावे. प्रत्येक खोलीसाठी दोन-तीन ओळी पुरेत: भिंती केव्हा रंगवल्या, डाग कुठे आहेत, ओटा व टाइल्स कशा आहेत, नळांवर क्षार आहेत का, ओल कुठे आहे. सोबत प्रत्येक खोलीची, कपाटांच्या आतली आणि नळांची जवळून घेतलेली छायाचित्रे. ती त्याच दिवशी एकमेकांना ई-मेलने पाठवली की तारखेचा वाद उरत नाही. सामान आत येण्यापूर्वीचा अर्धा तास यासाठी काढावा. त्यानंतर घर दिसतच नाही.

सफाईबाबत करारात एकच वाक्य असावे आणि ते नेमके असावे. ‘परवानाधारकाने घर सोबतच्या नोंदीत आहे तितके स्वच्छ करून परत करावे, तसे न केल्यास मालकाने प्रत्यक्ष झालेला सफाईचा खर्च पावती दाखवून वजा करावा.’ छापील नमुन्यातील ‘मालकाच्या समाधानाप्रमाणे’ हे शब्द खोडायला सांगावेत. कोणाच्या समाधानाला मोजमाप नसते. एजंट कुरकुर करील. पण करार नोंदवण्यापूर्वी एक ओळ बदलणे फार अवघड नसते आणि समजूतदार मालकालाही ती सोयीचीच असते, कारण मळका घर सोडणारा भाडेकरूही मग त्याच ओळीत सापडतो.

घर सोडण्याच्या पंधरा दिवस आधी मालकाला एकदा बोलावून घर दाखवावे. काय खटकते ते तेव्हाच कळते आणि दुरुस्त करायला वेळ मिळतो. सफाई सामान हलवल्यानंतर आणि वीज-पाणी तोडण्यापूर्वी व्हायला हवी. म्हणजे टेम्पो आणि किल्ली यांच्यात एक पूर्ण दिवस मोकळा ठेवावा लागतो. बहुतेक जण हा दिवस वाचवतात आणि नंतर त्याची किंमत मोजतात. बाहेरची माणसे आणण्यासाठी सोसायटीचे वेळेचे आणि लिफ्टचे नियम असतात, ते आधी विचारून घ्यावेत. माळ्यावरची अडगळ, जुनी औषधे, फुटक्या ट्यूबलाइट मागे सोडू नयेत. ट्यूबमध्ये पारा असतो, ती ओल्या कचऱ्यात टाकण्याची वस्तू नव्हे. भिंतीतले खिळे काढून भोके पुट्टीने बुजवावीत आणि सफाईची पावती जपून ठेवावी.

शेवटची पाहणी दिवसाच्या उजेडात आणि दोघांच्या समक्ष करावी. पहिल्या दिवशीचे पान हातात घेऊन खोलीखोलीतून फिरावे, त्याच कोनातून पुन्हा छायाचित्रे घ्यावीत, विजेच्या मीटरचा आकडा लिहावा. वजावट असेल तर तिची रक्कम आणि कारण तिथेच, त्याच पानाच्या मागे नोंदवून घ्यावे आणि अनामत परत मिळण्याची तारीखही. खाली दोघांच्या सह्या झाल्या की मग किल्ली द्यावी.